प्रतिपाल्य बालकांचे दंतारोग्य व समाजसेवकांचे कर्तव्य
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी धर्मगुरूने दातांविषयी बोलावे, हे आपणांपैकी कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु ख्रिस्तसभेस हा विषय परका नाही. इ. स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रिया नगरीत ख्रिस्ती लोकांविरुद्ध दंगल उसळली, तेव्हा अपोलोनिया नामक वयोवृद्ध कुमारिकेचे दात जमावाने आघात करून पाडले. त्या नगरीचे बिशप डायोनिशियस यांनी हा वृत्तांत पत्राने कळविला व इतिहासकार युसेबियस याने तो जतन करून ठेवला. ९ फेब्रुवारी हा तिचा सण. दंतपीडेने गांजलेले भाविक शतकानुशतके तिचा धावा करीत आले आहेत. दुसरे असे की, ज्या संत जोसेफास आपण नित्य वंदन करतो, तो प्रभू येशूचा प्रतिपालक पिता होता. या दोन संतांची नावे एकत्र घेतली म्हणजे आजचा आमचा विषय सिद्ध होतो : दुसऱ्याच्या घरी वाढणारे मूल व त्याचे दात.

प्रथम आम्ही आमचाच अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही अन्य एका धर्मग्रामात असताना तेथील एका सालस कुटुंबाने आठ वर्षांचा एक मुलगा सांभाळावयास घेतला होता. धर्मशिक्षणाच्या वर्गात तो तोंड मिटून बसे. प्रार्थना म्हणावयास सांगितली तर मान खाली घाली. आम्ही त्यास हट्टी ठरविले व एकदोन वेळा सर्वांदेखत रागेही भरलो. उत्तरे देणाऱ्या मुलांस आम्ही साखरेच्या गोळ्या वाटीत असू, आणि दया म्हणून त्याच्याही हातावर एक ठेवीत असू. पुढे एके सकाळी त्याचा गाल सुजला व अंगात ताप भरला. समाजसेविकाबाई त्यास तातडीने इस्पितळात घेऊन गेल्या. खालच्या दोन दाढा आतपर्यंत पोखरल्या होत्या. त्यांतील एक कायमची होती, तीही काढावी लागली. “इतके दुखत होते, तर बोलला का नाहीस?” असे आम्ही विचारिले. तो म्हणाला, “सांगितले असते तर मला परत पाठवले असते.”

बंधुभगिनींनो, ते उत्तर आम्हांस आजही स्वस्थ बसू देत नाही. आपल्या घरचे मूल दात दुखला की रडून घर डोक्यावर घेते, कारण आपले रडणे कोणी तरी ऐकणार हा त्यास भरवसा असतो. जे मूल तीन घरे पाहून चौथ्या घरी आले, त्याचा हा भरवसाच सुटलेला असतो. म्हणून त्याचे मौन हे सुखाचे लक्षण समजू नये.

दंतक्षय हा काही दुर्मिळ रोग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे ५१ कोटी बालकांच्या दुधाच्या दातांस कीड लागलेली आहे. कीड हा केवळ बोलण्यातला शब्द. वस्तुतः तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते आम्ल दाताचे कवच झिजविते. आरंभी हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसतो. त्या अवस्थेत रोग थांबविता येतो. डाग तपकिरी होऊन खड्डा पडला म्हणजे तो आपोआप भरून येत नाही.

“दुधाचे दात पडावयाचेच आहेत” असे म्हणून आपण ते सोडून देतो, ही मोठी चूक होय. दुधाचे दात वीस. त्यांतील मागच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत मुलाच्या उपयोगी पडतात. त्या अकाली गेल्या तर शेजारचे दात सरकतात व मागून येणाऱ्यांस जागा उरत नाही. याहून घातक गोष्ट सहाव्या वर्षाच्या सुमारास घडते. दुधाच्या दाढांच्या मागे चार नव्या दाढा उगवतात. त्यांच्यासाठी कोणताही दात पडत नाही. म्हणून त्या आल्याचे कोणास कळत नाही आणि त्या दुधाच्याच आहेत असे पुष्कळ लोक समजतात. त्या कायमच्या असतात. आमच्या त्या मुलाने गमाविली ती यांपैकीच एक.

या नव्या दाढा येतात त्याच वयात मूल आजीकडून मामाकडे, मामाकडून बालगृहात व तेथून प्रतिपालक कुटुंबात गेले, तर त्या दाढेकडे पाहणार कोण? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत मुलांस तपासतात आणि त्यात दातांचाही समावेश आहे. परंतु तपासणीच्या दिवशी मूल एका गावी व उपचाराच्या दिवशी दुसऱ्या गावी असेल, तर तो कागद काय कामाचा?

येथेच समाजसेवकाचे कर्तव्य सुरू होते. बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या ४४ व्या कलमान्वये बालकल्याण समिती मुलास प्रतिपालक कुटुंबाच्या हाती देऊ शकते. मुलाचे शिक्षण, आरोग्य व पोषण यांची जबाबदारी त्या कुटुंबावर असते व समितीने दरमहा पाहणी करावी असेही तेथे सांगितले आहे. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक संगोपन आराखडा करावयाचा असतो. त्या आराखड्यात दातांची एक ओळ असावी : शेवटची तपासणी केव्हा झाली, कोणता दात भरला, कोणता काढला, पुढे कधी जावयाचे. मूल घर बदलील तेव्हा ती ओळ त्याच्याबरोबर जावी. उपचारास लेखी संमती कोणी द्यावयाची, हेही आधीच ठरलेले असावे. गाल सुजल्यावर सही शोधीत फिरू नये. माता आपल्या लेकराचा पहिला दात विसरत नाही; ज्याची माता जवळ नाही, त्याची आठवण समाजसेवकाने व्हावे. मात्र एकेका कार्यकर्त्यावर अनेक मुलांचा भार असतो. म्हणून त्यांस दोष देण्याआधी आपण हात द्यावा.

प्रतिपालक मातापित्यांस आमची विनंती अशी. सकाळी व रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने मुलाचे दात घासावेत. तीन वर्षांच्या आतील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. सातआठ वर्षांपर्यंत वडील माणसाने जवळ उभे राहावे. मिशरी कदापि देऊ नये. ती भाजलेली तंबाखूच होय. एखादे मूल ती सवय घेऊन आले असेल तर त्यास न मारता, न लाजविता ती सोडवावी. रात्री गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून निजवू नये. मूल एकाच बाजूने चावते, थंड पाणी टाळते, झोपेत कण्हते, असे दिसल्यास त्याची तक्रार येण्याची वाट पाहू नये. गाल सुजून ताप आला तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. आणि सर्वांत आधी त्यास स्पष्ट शब्दांत सांगावे की, “तुझे दुखणे आम्हांस जड नाही, त्यासाठी तुला कोणी परत पाठविणार नाही.”

आमच्यापुरते सांगावयाचे तर, त्या दिवसापासून आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात गोळ्या वाटणे बंद आहे; आता आम्ही शेंगदाणे व फळे देतो. आज या मंदिराची पन्नास वर्षे पूर्ण झाली. महोत्सवाच्या दानातून शिल्लक राहील त्यातील काही भाग अशा मुलांच्या दंतचिकित्सेसाठी व त्यांस इस्पितळात नेण्याआणण्यासाठी राखून ठेवावा, आणि मुलांस सोबत घेऊन जाण्यास आपल्यापैकी दहा जणांनी पुढे यावे, अशी आम्ही नम्र याचना करतो. नावे आज सायंकाळी मिस्सानंतर लिहून घेतली जातील. पहिले नाव आम्ही आमचे लिहिले आहे.

परमेश्वर आपणां सर्वांचे कल्याण करो.