वसाहतीचा कारभार : आंजियरच्या मुंबईचा धडा



‘वसाहत’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी रूढ आहे. जयपूरमधील जवाहर नगरासारख्या निवासी भागाला वसाहत म्हणतात आणि परकीय सत्तेने उभारलेल्या ठाण्यालाही वसाहतच म्हणतात. दोन्ही ठिकाणी रहिवाशांचे प्रश्न मात्र सारखेच असतात. जमीन कोणाच्या नावावर, कर किती, रात्रीचा पहारा कोणी द्यायचा आणि तंटा झाला तर दाद कोठे मागायची? या प्रश्नांची उत्तरे ठरविताना रहिवाशांना विचारले जाते की नाही, यावर स्थानिक कारभाराची कसोटी लागते. सतराव्या शतकातील मुंबई हे याचे बोलके उदाहरण आहे.

बेट आणि तेथील माणसे

1534 च्या वसईच्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई व मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. 1661 च्या विवाह-कराराने मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला आंदण म्हणून देण्याचे ठरले. प्रत्यक्ष ताबा हम्फ्रे कुक याने फेब्रुवारी 1665 मध्ये घेतला. राजाला हे बेट परवडेना. 27 मार्च 1668 च्या सनदेने त्याने ते वर्षाला अवघ्या 10 पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले.

या साऱ्या व्यवहारांत बेटावरील रहिवाशांना कोणी विचारले नव्हते. मात्र बेट ओसाड नव्हते. कोळी मासेमारी करीत, भंडारी माडांची ताडी काढीत, आगरी व कुणबी भात आणि मीठ पिकवीत. पाठारे प्रभू, स्थानिक ख्रिस्ती व मुसलमान यांचीही वस्ती होती. भरतीचे पाणी सखल भागात शिरून दलदल माजे. माडांना खत म्हणून मासळी घालण्याची प्रथा होती व तिची दुर्गंधी हेच रोगराईचे मूळ आहे, असे इंग्रज मानीत. हिवतापाचे कारण डास हे विज्ञानाला फार पुढे उमगले. नव्याने आलेले इंग्रज एक-दोन पावसाळ्यांतच दगावत.

कराराचा मार्ग

1669 ते 1677 या काळात जेराल्ड आंजियर हा सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष आणि मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्यापुढील पहिला पेच जमिनीचा होता. पोर्तुगीज अमदानीतील जमीनधारकांचे हक्क संशयास्पद ठरवून जमिनी काढून घेतल्या जातील, अशी धास्ती सर्वत्र पसरली होती. आंजियरने जमीनधारकांशी वाटाघाटी केल्या. 1672 मध्ये ठरलेला आणि 1674 मध्ये औपचारिक रूप घेतलेला हा करार ‘आंजियरचा करार’ म्हणून ओळखला जातो. जमीनधारकांनी दरवर्षी 20,000 झेराफिन कंपनीला द्यावेत व कंपनीने त्यांचे जमिनीवरील हक्क मान्य करावेत, असा त्याचा आशय होता. झेराफिन हे पोर्तुगीज अमदानीतील प्रचलित नाणे होते. बेटाच्या रक्षणासाठी जमीनधारकांनी शिबंदीला माणसे पुरवावीत, अशीही व्यवस्था झाली.

दुसरा पेच न्यायाचा होता. 1670 मध्ये बेटाचे दोन विभाग पाडण्यात आले. मुंबई, माझगाव व गिरगाव यांचा एक, तर माहीम, परळ, शीव व वरळी यांचा दुसरा. प्रत्येक विभागात पाच न्यायाधीशांचे न्यायालय नेमले गेले व त्यांत काही भारतीयही होते. 1672 मध्ये पोर्तुगीज कायद्याऐवजी इंग्रजी कायदा लागू झाला आणि जॉर्ज विलकॉक्स याच्या अध्यक्षतेखाली नवे न्यायालय सुरू झाले. त्याचबरोबर 20 झेराफिनपर्यंतच्या किरकोळ दाव्यांसाठी एक वेगळे न्यायालय बसू लागले. तेथे फी नव्हती. ताडी काढणाऱ्या किंवा मासळी विकणाऱ्या माणसाला न्यायाचा दरवाजा उघडा राहावा, यासाठी ही सोय मोलाची होती. 2008 च्या ग्राम न्यायालय अधिनियमामागे, न्याय गरिबाच्या दारी नेण्याचा असाच विचार आहे.

निरनिराळ्या समाजांचे अंतर्गत तंटे त्यांच्या पंचायतींनी सोडवावेत, असेही धोरण होते. 1677 मध्ये दीवचा व्यापारी नीमा पारख याने मुंबईत येण्यापूर्वी कंपनीकडून अटी मान्य करून घेतल्या. धर्माचरणाचे स्वातंत्र्य, त्याच्या आवारात प्राणिहत्येस मनाई आणि पहाऱ्याच्या सक्तीतून सूट या त्यांपैकी प्रमुख होत. कंपनीचा हेतू अर्थातच व्यापारवृद्धीचा होता. परंतु माणसे यावीत व टिकावीत, तर त्यांना आश्वस्त करावे लागते, हे आंजियरने ओळखले होते. सुमारे 10,000 लोकवस्ती त्याच्या काळात 60,000 वर गेल्याचा अंदाज नेहमी दिला जातो. तो अतिशयोक्त मानला, तरी वाढ निश्चित होती.

सवलत आणि हक्क

ही घडी फार काळ टिकली नाही. 1683 मध्ये रिचर्ड केग्विनच्या नेतृत्वाखाली बंड झाले. 1689-90 मध्ये सिद्दी याकुतखानाने बेटाचा मोठा भाग व्यापला. न्यायव्यवस्था कोलमडली व ती 1718 मध्येच पुन्हा उभी राहिली. त्या वर्षीच्या न्यायालयात हिंदू, मुसलमान, पारशी व पोर्तुगीज ख्रिस्ती समाजांचे मिळून चार प्रतिनिधी न्यायाधीश होते. मात्र 1726 च्या सनदेने मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे मेयरची न्यायालये स्थापन झाली आणि मुंबईतील भारतीयांचे हे स्थान गेले. लंडनमधील एका सनदेने ते हिरावले गेले व त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती.

कारण स्पष्ट आहे. राज्यकर्त्याच्या मर्जीने मिळालेला सहभाग ही सवलत असते. तो हक्क ठरत नाही. मुंबईच्या करदात्यांना निवडणुकीचा अधिकार मिळण्यास 1872 चा महानगरपालिका कायदा यावा लागला. त्यातही 64 पैकी 32 सदस्यच करदात्यांनी निवडावयाचे होते. 1 जून 1993 पासून अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने मात्र नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान दिले. बाराव्या परिशिष्टात त्यांच्यासाठी 18 विषय नमूद झाले आणि कलम 243-यू नुसार मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक झाले.

तरीही मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर मुंबई महानगरपालिकेचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाकडे राहिला. घटनेत लिहिलेला हक्कसुद्धा वेळेवर बजावला गेला, तरच जिवंत राहतो. उद्या प्रशासनाची जबाबदारी पेलणाऱ्या विद्यार्थ्यांनी आंजियरच्या करारातील तारखांबरोबरच हेही ध्यानात ठेवावे. रस्ता, पाणी, पहारा व न्याय यांची व्यवस्था करणे हे प्रशासनाचे कौशल्य होय. त्या व्यवस्थेत रहिवाशांचा शब्द कायम राखणे ही लोकशाहीची जबाबदारी होय.