कोळ्याचा शिधा



गाय घेणारा मनुष्य आधीं कडब्याची सोय पाहतो. कोंबड्या पाळणारा दाण्याचा भाव विचारतो. परंतु कोळी पाळण्याची हौस ज्याला लागते, तो बहुधा आधीं कोळी घरीं आणतो आणि मग त्याला खावयास काय द्यावें, या विवंचनेंत पडतो. तहान लागल्यावर विहीर खणण्यापैकींच हा प्रकार होय. आणि त्याचें फळ मालकाला नव्हे, तर मुक्या जिवाला भोगावें लागतें. म्हणून आज मी कोळ्याविषयीं थोडें आणि कोळ्याच्या शिध्याविषयीं अधिक बोलणार आहें.

कोळी हा का पाळावयाचा प्राणी, असें कित्येक श्रोत्यांस वाटेल. युरोप-अमेरिकेंत ही हौस जुनी आहे, आणि अलीकडे आपल्या शहरांतील तरुण मंडळींतही ती दिसूं लागली आहे. तिच्यासाठीं परदेशचा केसाळ कोळीच हवा, असें मुळींच नाहीं. आपल्या घराच्या भिंतीवर किंवा खिडकीच्या चौकटीवर दिवसाढवळ्या उड्या मारीत फिरणारा लहानसा कोळी आपण सर्वांनीं पाहिला आहे. तो जाळें विणून वाट पाहत बसत नाहीं. मांजरासारखा दबा धरतो, अंतर जोखतो आणि झेप घेतो. त्याच्या आठ डोळ्यांपैकीं समोरचे दोन चांगले टपोरे असतात आणि आपण बोट हलविलें तर तो वळून पाहतो. या कुळांत सहा हजारांहून अधिक जाती आहेत. जगांतील ज्ञात कोळ्यांच्या जातींची संख्या २०२२ सालीं ५०,००० वर पोहोंचली, तेव्हां पन्नास हजारावी म्हणून नोंदली गेलेली जात याच कुळांतील, दक्षिण अमेरिकेंतली होती. घरांतल्या घरांत निरीक्षण करावयाचें, तर यासारखा दुसरा विद्यार्थी-मित्र मिळणें कठीण.

आतां त्याच्या जेवणाकडे वळूं. कोळ्याला आपल्यासारखें चावून गिळतां येत नाहीं. तो भक्ष्याला विषानें निश्चेष्ट करतो, त्यावर पाचक रस सोडतो आणि द्रव झालेला भाग शोषून घेतो. शिवाय उड्या मारणारा कोळी डोळ्यांवर विसंबून शिकार करीत असल्यामुळें, जें हलत नाहीं तें त्याच्या लेखीं बहुधा अन्नच नव्हे. मेलेली माशी किंवा भाताचें शीत पुढें टाकून भागत नाहीं. त्याला जिवंत कीटक हवा आणि तो नियमानें हवा.

मी शिक्षक असतांना मुलें आगपेटींत कोळी घालून वर्गांत आणीत. आठ-दहा दिवसांनीं विचारावें, तर तो मेलेला असे. "गुरुजी, माशी सांपडलीच नाहीं," हें उत्तर ठरलेलें. खरें पाहतां मोठा कोळी अन्नावांचून कांहीं आठवडे तग धरूं शकतो. पाण्यावांचून तितका धरीत नाहीं. आगपेटींत त्याला दोन्हींचा दुष्काळ असे. परंतु नुकत्याच फुटलेल्या पिलांची गोष्ट निराळी. त्यांच्या अंगीं सांठा थोडा; त्यांना वेळेवर भक्ष्य मिळालें नाहीं, तर तीं मरतात किंवा एकमेकांना खातात.

मग बाहेरून किडे पकडून कां आणूं नयेत? याला दोन कारणें आहेत. पहिलें असें कीं, पावसाळ्यांत दिव्याभोंवतीं किड्यांची दाटी होते, पण कडक थंडींत किंवा भर उन्हाळ्यांत ते शोधूनही मिळत नाहींत. दुसरें कारण अधिक गंभीर आहे. आजकाल शेतांत, बागांत आणि घरोघर कीटकनाशकें फवारलेलीं असतात. अशा विषाचा अंश अंगीं घेऊन धडपडणारी माशी किंवा झुरळ आपणांस सहज सांपडतें. सहज सांपडतें याचें कारणच तें विष. तें कोळ्याला देणें म्हणजे ताटांत विष वाढणें होय. तेव्हां शिधा घरीं पिकविणें हाच राजमार्ग.

घरीं पिकविण्यास सर्वांत सोपा कीटक म्हणजे चिलट. पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी, लाल डोळ्यांची, अडीच-तीन मिलिमीटर लांबीची ही माशी सर्वांच्या परिचयाची आहे. आंबा-पेरूच्या बागाइतदारांना सतावणारी 'फळमाशी' ती ही नव्हे. ती मोठी असते आणि चांगल्या फळांत अंडीं घालते. चिलट हें आंबलेल्या, सडूं लागलेल्या फळावर जगतें. शास्त्रज्ञ याला ड्रोसोफिला म्हणतात. अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत टॉमस हंट मॉर्गन यांनीं याच चिलटांवर आनुवंशिकतेचे प्रयोग केले आणि त्यांबद्दल त्यांना १९३३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. दुधाच्या बाटल्यांत केळें घालून वाढविलेल्या माशांनीं एवढें ज्ञान दिलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

कृति अशी. एक वाटी मक्याचें पीठ, अर्धी वाटी गूळ आणि चार वाट्या पाणी एकत्र करून पिठल्यासारखें दाट होईपर्यंत शिजवावें. कोमट झाल्यावर त्यांत अर्धें केळें कुसकरून घालावें आणि बुरशी येऊं नये म्हणून दोन लहान चमचे शिरका मिसळावा. स्वच्छ बरणींत हा लगदा दोन बोटें भरावा, पूर्ण निवूं द्यावा आणि वर चिमूटभर यीस्ट भुरभुरावें. कारण चिलटाची अळी मुख्यतः यीस्टवरच पोसते. नंतर चुरगळलेल्या कागदाची एक गुंडाळी आंत उभी ठेवावी, म्हणजे माशांना बसावयास व अळ्यांना कोष करावयास कोरडी जागा मिळते. तोंडावर दुहेरी मलमल ताणून रबराच्या कड्यानें बांधावी. पंचवीस-तीस चिलटें आंत सोडलीं कीं पेरणी झाली. बरणी पाण्याच्या ताटलींत ठेवण्यास विसरूं नये, नाहीं तर मुंग्या एका रात्रींत सर्व उभें पीक कापून नेतील.

पंचवीस अंश सेल्सिअस उष्णतेंत अंड्यापासून माशी होण्यास सुमारें दहा दिवस लागतात; अठरा अंशांत जवळजवळ दुप्पट. एक मादी आपल्या आयुष्यांत कांहीं शें अंडीं घालते. यावरून हिशेब सोपा आहे. दर आठवड्यास एक नवी बरणी लावावी, तीवर तारीख लिहावी, आणि चार आठवड्यांची झालेली बरणी काढून टाकावी. जुन्या बरणींत सूक्ष्म गोचिडीसारखे कीटक माजतात. एक बरणी बुडाली, तरी दुसरी हाताशीं असते. ज्यांचा शिधा एकाच बरणीवर अवलंबून असतो, त्यांच्या कोळ्यावर उपासमार ओढवल्यावांचून राहत नाहीं.

चिलटें उडून घरभर होतात, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय दोन. बरणी चार-पांच मिनिटें रेफ्रिजरेटरमध्यें ठेवली म्हणजे माशा गारठून निश्चल होतात. तेवढ्यांत हव्या तितक्या काढून घ्याव्या. दुसरा उपाय खुरट्या पंखांच्या वाणाचा. हा वाण मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेंत १९१० सालीं आढळला. त्या माशा चालतात, टुणटुणतात, पण उडूं शकत नाहींत. आपल्याकडे म्हैसूर विद्यापीठांत ड्रोसोफिलाच्या निरनिराळ्या वाणांचा संग्रह राखलेला आहे. मात्र हा गुण सुप्त प्रकारचा असल्यामुळें एखादी रानटी माशी आंत शिरली, कीं तिच्या संबंधाची सारी संतति उडती निपजते. दुसरी गोष्ट आपल्या हवेची. तीस अंशांच्या वर हे खुरटे पंख पुष्कळच लांब वाढतात आणि तितक्या उष्णतेंत वाढलेले चिलटाचे नर वांझ होतात. वैशाखांत बरण्या एकाएकीं ओस पडतात, याचें कारण हेंच. त्या दिवसांत बरणी जमिनीलगत, माठाशेजारीं ठेवावी आणि भोंवतीं ओलें फडकें गुंडाळावें.

दुसरें पीक मीलवर्मचें. शोभेचे मासे विकणाऱ्या शहरांतील दुकानांत या नांवानें पिंवळसर, कडक अंगाच्या, इंच-सव्वा इंच लांब अळ्या मिळतात. तो कृमि नव्हे. एका काळ्या भुंगेऱ्याची ती अळी होय. लिनिअसनें १७५८ सालीं या भुंगेऱ्याला जें लॅटिन नांव दिलें, त्याच्या उत्तरार्धाचा अर्थ 'दळणारा' असा आहे, आणि पिठाच्या कोठाराशीं असलेलें त्याचें नातें त्यांत नेमकें आलें आहे. गुळगुळीत बाजूंच्या पसरट डब्यांत तीन बोटें गव्हाचा कोंडा घालावा, वर गाजराची किंवा बटाट्याची फोड ठेवावी, झांकणाला बारीक भोंकें पाडावीं. कोंडा हें अन्न आणि फोड हें पाणी. पावसाळ्यांत फोड रोज बदलावी. कोंडा ओलसर झाला कीं बुरशी येते आणि सारा डबा फुकट जातो.

हें पीक सावकाश येतें. अंडीं फुटण्यास आठवडा-दोन आठवडे, अळीची वाढ होण्यास दोन-तीन महिने किंवा अधिक, आणि नंतर कोषाची निश्चल अवस्था. भुंगेरा प्रथम पांढरा, मग तांबूस आणि शेवटीं काळा होतो. भुंगेरे आपलींच अंडीं व कोष खातात. यासाठीं दर दोन-तीन आठवड्यांनीं चाळणीनें भुंगेरे वेगळे काढून नव्या डब्यांत घालावे आणि जुना डबा अंड्यांसह तसाच राहूं द्यावा. ही चाळणी स्वयंपाकघरांतली नसावी आणि हे डबेही पिठाच्या डब्यांपासून दूर असावे. हा भुंगेरा धान्याचा शत्रु आहे. तेव्हां घरधनिणीची संमति घेऊनच हा उद्योग आरंभावा, हें उत्तम.

तिसरा कीटक रातकिडा. मोठ्या कोळ्यांना तो फार मानवतो, पण त्याला उबारा, ओल्या मातीची अंडीं घालण्याची वाटी, अंड्यांच्या पुठ्ठ्यांचा आडोसा आणि रोजची सफाई लागते. शिवाय तो रात्रभर किरकिरतो. नवशिक्यानें पहिल्या वर्षीं त्याच्या वाटेस जाऊं नये.

या सर्वांत एक गोष्ट विसरतां कामा नये. कोळी जें खातो, तें त्या किड्यानें आधीं काय खाल्लें यावर अवलंबून असतें. डेन्मार्कमधील डेव्हिड मेंट्झ व सोरेन टोफ्ट यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अधिक सकस खाद्यावर वाढविलेलीं चिलटें ज्या कोळ्यांना दिलीं, त्यांची वाढ अधिक चांगली झाली. उपाशी किडा म्हणजे पोकळ दाणा. आणि पोषणाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ज्याला आपण दुसऱ्याच्या मुखीं देणार, त्याला जिवंत असेतों अन्न, हवा आणि स्वच्छ जागा देणें हें आपलें कर्तव्य आहे. कोळ्याचे लाड आणि किड्यांचे हाल, असा पंक्तिप्रपंच पाळणाऱ्याला शोभत नाहीं.

वाढण्याचे नियम थोडे आहेत. भक्ष्य कोळ्याच्या शरीराहून मोठें नसावें. लहान पिलाला दिवसाआड दोन-तीन चिलटें पुरतात. मोठ्या केसाळ कोळ्याला आठवड्यांतून एकदां पुष्कळ झालें. पाण्याचा एखादा थेंब भिंतीवर शिंपडावा. चोवीस तासांत न खाल्लेला किडा काढून घ्यावा. कात टाकण्यापूर्वीं कोळी अन्न सोडतो. त्या वेळीं त्याचें अंग मऊ व असहाय असतें आणि आंत राहिलेली मीलवर्म अळी किंवा रातकिडा त्यालाच कुरतडतो. शिकाऱ्याची शिकार होते ती अशी. मीलवर्म चिमट्यानें डोकें चेपूनच द्यावी, म्हणजे ती मातींतही दडत नाहीं.

आणखी दोन सूचना. रानांतले मोठे, रंगीत कोळी पकडून आणूं नयेत. भारत व श्रीलंका एवढ्याच भागांत आढळणाऱ्या, झाडांच्या ढोलींत राहणाऱ्या पोइसिलोथेरिया वंशाच्या कोळ्यांचा समावेश वन्य जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारांत २०१९ सालीं झाला आहे, तो त्यांच्या लुटीमुळेंच. तसेंच जुनी बरणी किंवा डबा कधींही बाहेर उपडा करूं नये. बर्फाच्या कप्प्यांत एक दिवस ठेवून मगच टाकावा. परका कीटक आपल्या हातून मोकळा सुटतां कामा नये.

घरच्या कोळिणीनें कोपऱ्यांत पांढरी रेशमी पिशवी विणून तिच्यावर पहारा धरलेला दिसला, तर त्याच दिवशीं चिलटांची पहिली बरणी लावावी. पिलें बाहेर पडण्यास कांहीं आठवडे लागतात आणि चिलटांना दहा दिवस. एवढ्या अवधींत दोन बरण्या तयार होतात. आणि ज्यांच्या घरीं अजून कोळी नाहीं, त्यांनीं तो शोधण्याची घाई करूं नये. आज रात्रीं केळें आणि यीस्ट घेऊन एक बरणी लावावी, तिच्याकडे रोज पाहावें आणि तिच्यांत दुसरी पिढी उडतांना किंवा चालतांना दिसली, म्हणजे मग खिडकीच्या चौकटीकडे वळावें.