उन्हाळी शिबिर आणि कायम निधी



मे महिना म्हणजे आम्हां कापड व्यापाऱ्यांची लग्नसराई आणि मुलांची सुटी. त्या दिवसांत पेठेतील मुलांना सांभाळते ते आपल्या समाजमंदिरातील शिबिर. सभागृहासाठी, पंख्यांसाठी दाते लाभतात. पंख्याच्या पात्यावरही नाव झळकते! शिक्षकांचे मानधन व अल्पोपहार यांसाठी मात्र दरवर्षी दारोदार फिरावे लागते. वर्गणी अपुरी पडली की शुल्क वाढते आणि सर्वप्रथम गळतात ती आपल्याच दुकानांतील नोकरांची मुले.

यास्तव कायम निधी उभारावा, अशी विनंती आहे. पाच लाखांवर सहा टक्क्यांनी वर्षाला ३०,००० रुपये येतात. मुद्दल अबाधित राहते. देणगी धनादेशाने द्यावी, कारण २०१७ च्या वित्त कायद्यापासून २,००० रुपयांवरील रोख देणगीस आयकरात वजावट नाही. या निधीस नामफलक नाही, हे आधीच नम्रपणे सांगतो.