कुत्र्याची लस : दरसाल की तीन वर्षांनी?



घरच्या कुत्र्याला दरसाल सगळ्याच लसी टोचाव्यात का, असे पुष्कळजणी विचारतात. डिस्टेंपर व पार्व्होच्या लसी पिलूपणी पुऱ्या होऊन वयाच्या सहा महिन्यांच्या सुमारास पुन्हा एकदा टोचल्या, की पुढे तीन-तीन वर्षांनी पुरतात, असे पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेचे मत आहे. तेथे खुशाल पैसे वाचवावेत. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोची लस मात्र दरसालच.

पिसाळण्याच्या रोगात, म्हणजे रेबीजमध्ये, काटकसर मला मुळीच मान्य नाही. आपल्या अहिल्यानगरात मोकाट कुत्री का थोडी आहेत? रोगाची लक्षणे दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही. ती लस डॉक्टर सांगतील त्या मुदतीत, आपल्याकडे बहुधा दरसाल, टोचावी. आणि लस टोचलेला कुत्रा चावला, तरी जखम पंधरा मिनिटे साबणाने धुऊन दवाखाना गाठावा.