हात जोडला, पण कामाला आला का?



मी वैद्यकशास्त्राचा नव्हे, कलाशाखेचा विद्यार्थी. तरीही हाताच्या उपचारांविषयी बोलण्याचे धाडस करतो आहे. कारण जव्हार-मोखाड्यात हात हेच घराचे भांडवल आहे. भाताची आवणी, नागलीची कापणी, विहिरीचे पाणी शेंदणे, राबासाठी टहाळ तोडणे ही सारी कामे बोटे, मनगट व खांदा यांच्या बळावर चालतात. मोडलेले मनगट बहुधा सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहते. आवणीच्या दिवसांत तेवढा काळ घरातील एक हात थांबणे ही लहान गोष्ट नव्हे.

शासकीय रुग्णालयांविषयी रुग्णांचे मत जाणून घेण्यासाठी केंद्र शासनाने २०१६ मध्ये 'मेरा अस्पताल' हा उपक्रम सुरू केला. तो स्वागतार्हच आहे. परंतु "आपण समाधानी आहात काय?" असे उपचार करणाऱ्यांच्या देखत विचारले, तर पाड्यावरून आलेला माणूस संकोचाने "बरं आहे" एवढेच म्हणणार. त्यात समाधान किती आणि भिडस्तपणा किती, हे कसे कळावे?

म्हणून हाताच्या कामाविषयीही विचारले पाहिजे. अमेरिका व कॅनडातील तज्ज्ञांनी १९९६ मध्ये 'डॅश' ही ३० प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. गेल्या आठवड्यात घट्ट झाकण उघडता आले काय, किल्ली फिरवता आली काय, स्वयंपाक करता आला काय, असे तिचे प्रश्न आहेत. गुण शून्य ते शंभर; गुण जितके अधिक, तितकी अडचण मोठी. २००५ मध्ये तिची ११ प्रश्नांची संक्षिप्त आवृत्तीही निघाली.

ही प्रश्नावली समाधान मोजत नाही, हाताची कार्यक्षमता मोजते. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवावी लागतात. एखादी भगिनी उपचारांवर संतुष्ट असते, पण तिला हंडा उचलवत नाही. तिला व्यायामोपचार हवेत. दुसऱ्याचा हात उत्तम चालतो, पण प्रत्येक तपासणीत त्याची दिवसाची मजुरी बुडाली. तेथे वेळापत्रक सुधारायला हवे. भाकरी थापता येते का, कोयता धरवतो का, हे प्रश्न आपण जरूर विचारावेत. मात्र ते मूळ प्रश्नावलीत मिसळू नयेत, नाहीतर गुणांची तुलना करता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. दिवाळीनंतर येथील अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात. फेरतपासणीस आलेल्यांचीच मते नोंदवली, तर न आलेल्यांची अडचण आकड्यांत कधीच उतरणार नाही. त्यांचा हात बरा झाला म्हणून ते आले नाहीत, की गाडीभाडे नव्हते म्हणून?

हे शोधणे आपल्या हाती आहे. आशा कार्यकर्तीने व शिक्षकांनी घरी जाऊन, त्यांच्या बोलीत, त्यांच्या संमतीने विचारावे. पंचायत सदस्यांनी नावे न उघडता ती माहिती रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवावी. आवणीच्या वेळी तो माणूस पुन्हा खाचरात उतरला काय, हा प्रश्न आपल्या प्रत्येक पाहणीत असावा, एवढीच विनंती.