खाटेजवळची मराठी



ख्रिस्ती साहित्यिकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद आपण रुग्णालयात चॅप्लेन म्हणून काम करणाऱ्या एका पाळकाला दिलंत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. चॅप्लेनला दीक्षा चर्च देतं. पण खाटेजवळ लागणारी भाषा त्याला आपण साहित्यिकांनी द्यायला हवी.

दीक्षेचा रस्ता आपल्या ओळखीचा आहे. मंडळीची शिफारस, धर्मप्रांताची मुलाखत, सेमिनरीतली वर्षं, मग डीकन, मग प्रेसबिटर. बिशप आणि पाळक डोक्यावर हात ठेवतात, तेव्हा गुडघे टेकलेल्या माणसाला त्या हातांचा भार जाणवतो. त्या भाराचा अर्थ मला वॉर्डात कळला.

दीक्षा होऊन थोडेच दिवस झाले होते. खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजींच्या खाटेशी मी उभा राहिलो, बायबल उघडलं आणि ‘हे परमदयाळू स्वर्गीय पित्या’ अशी लांबलचक प्रार्थना केली. डोळे उघडले तर आजी म्हणाल्या, “बाबा, माझ्या शेळीला पानी कुनी पाजलं आसंल?”

चॅप्लेनच्या प्रशिक्षणात भेटीनंतर सगळा संवाद आठवून शब्दशः लिहायचा असतो आणि गटात वाचायचा असतो. त्याला व्हर्बेटिम म्हणतात. माझ्या कागदावर माझी वाक्यं १९ होती, आजींची ३. शिक्षकांनी शेळीच्या वाक्याखाली रेघ ओढली आणि म्हणाले, “भेट इथून सुरू झाली.” दुसऱ्या दिवशी मी आजींना शेजाऱ्यांकडे फोन लावून दिला. शेळी शेजाऱ्यांच्याच दावणीला होती. मग आजी आपणहून म्हणाल्या, “आता तुमच्या देवाला सांगा माझ्यासाठी.” त्या दिवसापासून विचारल्याशिवाय मी कुणाच्या खाटेशी प्रार्थना केलेली नाही.

या प्रशिक्षणाच्या सुरुवातीला, अमेरिकेत वूस्टरच्या मनोरुग्णालयात चॅप्लेन अँटन बॉयसन यांनी १९२५ साली धर्मशास्त्राचे विद्यार्थी नेले. ग्रंथ वाचतो तितक्याच आदरानं माणूस वाचावा, हा त्यांचा आग्रह होता. ते स्वतः मनोरुग्णालयात राहून आले होते. खाटेवरचं एकटेपण त्यांनी भोगलं होतं.

आपल्याकडे माणूस त्याच्या भाषेतून वाचण्याच्या या आग्रहाला जुना आधार आहे. मिशनरी विल्यम केरींनी बंगालमधल्या सेरामपूरहून १८०५ साली मराठी व्याकरण आणि १८११ साली मराठी नवा करार छापला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले आणि १९०४ साली दीक्षित झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी मंडळीला इथल्या मातीतली भजनं दिली. त्यामुळे शेतात राबणाऱ्या बाईलाही प्रार्थना आपल्या बोलीत करता आली.

म्हणून लेखकमित्रहो, माझ्या दोन मागण्या आहेत. सेमिनरीत या आणि विद्यार्थ्यांचा कान तयार करा. संवाद ऐकणं, बोलीतला काना-मात्रा न बदलता तो टिपणं, ही तुमची विद्या आहे. रुग्णाची ओळख गुप्त ठेवणं आम्ही शिकवू. दुसरं, खाटेजवळच्या प्रार्थनांचं एक छोटं पुस्तक लिहा : ऑपरेशनच्या आदल्या रात्रीसाठी, मूल जन्मताच गेलेल्या आईसाठी, बिलाच्या काळजीनं बाहेरच्या बाकावर बसलेल्या मुलासाठी.

पुढच्या वर्षी नवे पाळक वॉर्डात येतील. शेळीची चौकशी ऐकू आली, तर त्यांनी बायबल मिटून आधी तिचं उत्तर शोधावं, इतकी तयारी आपण त्यांची करून देऊ.