टॅरिफ, टॉवेल आणि शनिवारचा पगार

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. विषय मी बदलून घेतला. त्याला कारण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑगस्टमध्ये झालेलं भांडण. अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के जादा टॅरिफ लावला आणि रशियन तेलाचं कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. एकूण ५० टक्के. त्या आठवड्यात ग्रुपवर एक पक्ष म्हणत होता, आपणही अमेरिकन मालावर दुप्पट जकात लावू. दुसरा म्हणत होता, शेअर विका आणि सोनं घ्या. मी शहाणपणाने लिहिलं, "थांबा. कोणी काही करू नका. सगळं शांत होतं."

त्यावर आपल्यातल्याच एकाने एक ओळ लिहिली. त्याचा इथल्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. तो लिहितो, "तुला थांबता येतं. मला शनिवारी पगार वाटायचाय."

मग चार दिवस तो ग्रुपवर आलाच नाही. आज तो इथे बसलाय. त्याला विचारूनच बोलतेय, पण नाव घेणार नाही. मी अर्थतज्ज्ञ नाही, कोड लिहिणारी बाई आहे. त्या ओळीने मात्र मला अभ्यासाला बसवलं. त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी साधा हिशेब. टॅरिफ म्हणजे आयात जकात. ती आपला कारखानदार भरत नाही, अमेरिकेतला आयातदार तिथल्या बंदरात भरतो. समजा टॉवेलचा एक गठ्ठा १० डॉलरला जातो. मूळची जकात बाजूला ठेवू, कारण ती सगळ्यांनाच आहे. ५० टक्के जादा टॅरिफने आपला गठ्ठा तिथे १५ डॉलरला पडतो. पाकिस्तानवर तेव्हा दर १९ टक्के होता, म्हणजे त्यांचा ११ डॉलर ९० सेंटला. बांगलादेश आणि व्हिएतनामवर २० टक्के, म्हणजे १२ डॉलर. आपल्या मित्राचं दुखणं नुसतं ५० टक्क्यांचं नाही, शेजाऱ्याशी पडलेल्या या फरकाचं आहे. तिथला खरेदीदार त्याला म्हणाला, "किंमत कमी कर, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे जाईल." याने ८ टक्के सूट दिली. त्यात नफा संपला. ऑर्डर तरीही निम्मीच आली.

आता टॅरिफ लागल्यावर कोण कसं वागतं ते पाहू. मला तिघं दिसले, आणि प्रत्येकाचा वेग वेगळा आहे.

सगळ्यात वेगवान गुंतवणूकदार. २ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांनी जवळजवळ सगळ्या जगावर टॅरिफ जाहीर केले. पुढच्या दोन दिवसांत अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक १० टक्क्यांहून जास्त पडला. सोमवारी, ७ एप्रिलला, आपला सेन्सेक्स २,२०० अंकांनी खाली आला. पण अमेरिकन सरकारला खरी काळजी लागली ती शेअर बाजाराने नव्हे, रोख्यांनी. एरवी जगात संकट आलं की लोक अमेरिकेचे सरकारी रोखे घ्यायला धावतात, त्यामुळे त्यांचे व्याजदर उतरतात आणि डॉलर वधारतो. या वेळी उलटं झालं. लोक रोखेच विकू लागले. १० वर्षांच्या रोख्याचा दर आठवड्याच्या आत ४ टक्क्यांच्या आसपासवरून साडेचार टक्क्यांच्या जवळ गेला आणि डॉलरही घसरला. म्हणजे अमेरिकन सरकारला कर्ज महाग होऊ लागलं. ९ एप्रिलला चीन सोडून इतरांवरचे वाढीव टॅरिफ ९० दिवसांसाठी थांबवले गेले. आपण रोखे बाजाराकडे बघत होतो, हे ट्रम्प यांनी स्वतः सांगितलं. जे कोणत्या देशाच्या शिष्टमंडळाला आठवड्यात जमलं नसतं, ते रोखे विकणाऱ्यांनी केलं.

इथे एक कबुली देते. ७ एप्रिलला सकाळी मी मुलीच्या शिक्षणासाठी म्युच्युअल फंडात ठेवलेले पैसे काढून घेतले. सर्व्हर बंद पडला तरी न घाबरण्याचा पगार घेणारी मी, त्या दिवशी घाबरले. जून संपेपर्यंत सेन्सेक्स ८३ हजारांच्या वर होता. तेच पैसे मी महाग भावाने परत गुंतवले. त्यातून मी धडा घेतला, की घाई करायची नाही. आणि तोच धडा ऑगस्टमध्ये मी आपल्या मित्राला शिकवायला गेले. माझी चूक तिथेच झाली.

दुसरा घटक म्हणजे व्यापारी आणि कारखानदार. यांना महिने लागतात. आधी सगळे घाई करून माल पाठवतात. जुलैत आपल्या मित्राने दोन पाळ्या चालवून सप्टेंबरचा माल लवकर रवाना केला. तारीख उलटली की खड्डा पडतो. सप्टेंबरमध्ये अमेरिकेला जाणारी आपल्या देशाची निर्यात आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी घटली. आणि सरासरीत टॉवेलवाला दिसत नाही. औषधं आणि स्मार्टफोन यांना या टॅरिफमधून वगळलं होतं, त्यामुळे एकूण आकडा बरा दिसला तरी कापड, कोळंबी, दागिने, चामडं यांचं दुखणं त्यात झाकलं जातं.

मग माल वाट बदलतो. आमच्या कामात एक सर्व्हर अडला की ट्रॅफिक दुसऱ्याकडे वळवतात, ते काही सेकंदांत होतं. मालाला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि एकदा वळला की तो सहज परत येत नाही. २०१८ मध्ये चीनने अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के जकात लावली, तेव्हा ब्राझीलचं सोयाबीन चीनमध्ये गेलं. पुढे करार झाले तरी ब्राझीलने ती जागा सोडली नाही. म्हणून आपल्या मित्राची खरी भीती या वर्षीच्या तोट्याची नाही. खरेदीदाराला एकदा दुसऱ्या देशाच्या टॉवेलची सवय झाली, तर टॅरिफ उठल्यावरही तो परत येईल का, याची आहे.

तिसरं सरकार. सरकारचा वेग सगळ्यात कमी आणि मोह सगळ्यात मोठा. मोह जशास तसं करण्याचा. ग्रुपवरच्या पहिल्या पक्षासाठी एक जुनी गोष्ट सांगते. १९३० साली, म्हणजे ज्या साली आपल्या सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच साली, अमेरिकेने स्मूट-हॉली कायदा केला. एक हजारांहून जास्त अर्थतज्ज्ञांनी राष्ट्राध्यक्ष हूवर यांना सही करू नका म्हणून लिहिलं होतं. त्यांनी १७ जूनला सही केली. त्यात अंड्यांवरची जकात डझनामागे ८ सेंटवरून १० सेंट झाली. कॅनडाने उत्तर म्हणून आपली जकात ३ सेंटवरून १० सेंट केली. १९२९ मध्ये अमेरिकेतून कॅनडात सुमारे ९ लाख १९ हजार डझन अंडी जात होती. १९३२ मध्ये ती १४ हजार डझनांच्याही खाली आली. ज्यांच्या भल्यासाठी कायदा केला, त्या शेतकऱ्यांचंच गिऱ्हाईक गेलं.

आपणही हे करून पाहिलंय. अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनियमवर जकात लावल्यावर भारताने जून २०१९ मध्ये अमेरिकन बदाम, अक्रोड, सफरचंदं अशा २८ वस्तूंवर जादा जकात लावली. वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदांची आपल्या बाजारातली जागा तुर्कस्तान आणि इराणच्या सफरचंदांनी घेतली. तिथले बागायतदार आपल्या खासदारांकडे रडले, आणि २०२३ मध्ये दोन्ही देशांनी काही वाद मिटवले तेव्हा ती जादा जकात गेली. म्हणजे उपाय चालतो, पण चार वर्षांनी. आणि तो कोणाला परवडतो हेही बघायला हवं. २०२४-२५ मध्ये आपण अमेरिकेला सुमारे ८६ अब्ज डॉलरचा माल विकला आणि त्यांच्याकडून सुमारे ४५ अब्जांचा घेतला. या भांडणात आपल्याकडे गमावण्यासारखं जास्त आहे. चीनने उलट उत्तर दिलं, कारण दुर्मीळ खनिजं त्याच्या मुठीत आहेत. ती अडवली की दुसऱ्याचा मोटारीचा कारखाना थांबतो. आपल्या मुठीत तसं काही नाही. भारताने ऑगस्टपासून उलट जकात लावली नाही आणि बोलणी चालू ठेवली. त्याला कोणी भित्रेपणा म्हणतं. मला तो हिशेब वाटतो.

पण उलट जकात न लावता केलेल्या उपायाचीही किंमत कोणीतरी भरतंच. टॉवेल, कापड स्वस्तात बनावं म्हणून सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरची ११ टक्के आयात जकात उठवली आणि नंतर ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. आपल्या मित्राला सूत थोडं स्वस्त पडलं. पण आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीचं माहेर मराठवाड्यात, कापूसवाल्यांचं. तिच्या भावाचा कापूस घरात यायच्या वेळेलाच परदेशी कापूस बिनजकातीचा आला. ही दोघं एका बाकाच्या अंतरावर बसायची. एकाला मिळालेला दिलासा दुसरीच्या घरून गेला. यात कोणी लबाडी केली नाही, पण ग्रुपवर "सरकारने काहीतरी करावं" लिहिताना मला हे सुचलंही नव्हतं.

रुपयाही उत्तर देतो. वर्षाच्या सुरुवातीला डॉलर साडेपंच्याऐंशीच्या आसपास होता, या महिन्यात त्याने नव्वदी ओलांडली. निर्यातदाराला प्रत्येक डॉलरमागे सुमारे ५ टक्के जास्त मिळतात. ३० टक्क्यांच्या फरकाला तेवढं पुरत नाही. आणि परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या फीला तेवढीच झळ बसते.

आता मूळ मुद्दा. गुंतवणूकदार दिवसांत उत्तर देतो, व्यापारी महिन्यांत, सरकार वर्षांत. यातल्या प्रत्येकाला काही काळ तग धरता येतो. परदेशी गुंतवणूकदारांनी या वर्षी आपल्या बाजारातून पैसे काढले, तर तुमच्या-आमच्या एसआयपीतून महिन्याला २५ हजार कोटींच्या वर येत राहिले आणि बाजार टिकला. पण मागावरच्या माणसाचा हिशेब आठवड्याचा असतो. त्याला तग धरायला फक्त शनिवार ते शनिवार आहे. मी "थांबा" म्हणाले तेव्हा माझ्या वेळेचं माप त्याच्यावर लावलं. फंडात थांबणं बरोबर होतं, तिथे मी थांबले नाही. कारखान्यात थांबणं परवडत नव्हतं, तिथे मी थांबायला सांगितलं. सगळ्यांसमोर मी त्याची माफी मागते.

आणि माझंही काही सुरक्षित नाही. सॉफ्टवेअर सेवांवर टॅरिफ नाही म्हणून मी निर्धास्त होते. सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्क जाहीर झालं. माझ्या टीममधल्या दोन मुलांचं जाणं त्याच आठवड्यात रद्द झालं.

शेवटी कामाचं बोलते. सरकारने नोव्हेंबरमध्ये निर्यातदारांसाठी २० हजार कोटींपर्यंतच्या तारणाशिवायच्या कर्जाला हमी देणारी योजना आणली आहे. रिझर्व्ह बँकेने कापडासह काही क्षेत्रांतल्या निर्यातदारांच्या कर्जहप्त्यांना डिसेंबरअखेरपर्यंत सवलत देऊ केली आहे, आणि निर्यातीचे पैसे देशात आणायची मुदत ९ महिन्यांवरून १५ महिने केली आहे. जुलैत ब्रिटनशी करार झालाय. तो अमलात आला की तिथे आपल्या कापडावरची जकात जाईल, आणि तिथल्या खरेदीदाराशी ओळख आत्तापासूनच व्हायला हवी. आपल्या तुकडीत बँकेत काम करणारी एक मैत्रीण आहे, एक सीए आहे, आणि दोघं इंग्लंडमध्ये आहेत, त्यांतला एक आज इथे आलाय. मी त्यांच्याशी बोलले आहे. जेवणानंतर आठवी 'ब' च्या वर्गात आपण अर्धा तास बसू. टॉवेलवाला मित्र कागद घेऊन आलाय. मराठवाड्याच्या मैत्रिणीनेही यावं, कारण कापसाची बाजू मांडल्याशिवाय ही चर्चा अर्धीच राहील.

भूगोलाच्या बाईंनी आपल्याकडून नकाशात सोलापूरपुढे 'कापड' असं लिहून घेतलं होतं. बाई, तो शब्द तिथे राहावा म्हणून आज आम्ही बसतोय. तुम्हीही या.